तीन तासांचा बाजार : घारापुरीच्या व्यापाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात बेटांवरील छोट्या व्यापाराचा उल्लेख ओघात आला होता. त्या वेळी मुंबई बंदरातील घारापुरी बेटाविषयी, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाविषयी, वाचकांनी प्रश्न पाठवावेत असे सुचवले होते. बेटावरील दुकानदारांनी, उरण-पनवेलच्या वाचकांनी आणि परदेशातील एका मराठी वाचकानेही लिहिले. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. नावे छापू नयेत, असे बहुतेकांनी कळवल्यामुळे सर्वांचीच नावे गाळली आहेत.

प्रश्न : लेण्यांच्या पायऱ्यांवर आमचे माळा, टोप्या आणि शोभेच्या वस्तूंचे छोटे दुकान आहे. दिवाळीपासून मेपर्यंत बरी विक्री होते, पावसाळ्यात मात्र हाती काही उरत नाही. दुकानात माल वाढवण्यासाठी कर्ज मागितले, तर बँक दरमहा समान हप्ता भरायला सांगते. तो पावसाळ्यात कुठून भरायचा? आणि मुंबईतल्या फेरीवाल्यांना मिळते ते कर्ज आम्हाला का मिळत नाही?
— एक दुकानदार भगिनी, शेतबंदर, घारापुरी

उत्तर : आपल्या अडचणीच्या मुळाशी वेळेचे गणित आहे, आणि बँकेत जाण्यापूर्वी ते आपण स्वतः कागदावर मांडावे असे मला वाटते. गेटवे ऑफ इंडियाहून पहिली लाँच सकाळी नवाच्या सुमारास सुटते, दहा-अकरा किलोमीटरचे पाणी ओलांडायला तासभर लागतो, त्यानंतर लांबलचक धक्का आणि सुमारे १२० पायऱ्या. वर जाताना पर्यटकाला लेण्यांची ओढ असते, शिवाय हातात पिशवी असली की माकडांची धास्ती असते, त्यामुळे खरेदी होते ती उतरताना. उतरताना पुन्हा परतीची लाँच चुकू नये म्हणून त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. दुकान दिवसभर उघडे असले तरी खरा धंदा दुपारच्या तीन-चार तासांतच होतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणजे वर्षातले ५२ दिवस तेथेच गेले. उरलेल्या ३१३ दिवसांतून जून ते सप्टेंबर हे महिने वगळले, तर भरवशाचे सुमारे २०८ दिवस राहतात. पावसाळ्यात विक्री अजिबात होत नाही असे नाही, परंतु लाँच कोणत्या दिवशी सुटेल आणि कोणत्या दिवशी वाऱ्यामुळे थांबेल हे आदल्या रात्री कोणालाच सांगता येत नसल्याने ती हिशेबात धरू नये. घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि कर्जाचे व्याज मात्र ३६५ दिवस चालू असते. त्या २०८ दिवसांच्या दुपारांनी वर्षभराचा भार उचलायचा असतो.

असे असताना समान मासिक हप्त्याचे मुदत कर्ज आपल्या धंद्याला मुळातच सोयीचे नाही. आपण मागायला हवी ती रोख पतमर्यादा, म्हणजे बँकेच्या भाषेत कॅश क्रेडिट. त्यात एक मर्यादा मंजूर होते, माल भरताना आपण पैसे उचलता, विक्री झाली की परत भरता, आणि जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढ्याचेच व्याज लागते. ऑक्टोबरमध्ये उचल आणि मेअखेर परतफेड असे चक्र त्यात बसू शकते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत खेळत्या भांडवलासाठी अशी सोय आहे. त्यात ५० हजार रुपयांपर्यंतचा शिशु आणि ५ लाखांपर्यंतचा किशोर हे दोन गट आपल्या उपयोगाचे आहेत, आणि त्यांसाठी तारण द्यावे लागत नाही. मुदत कर्जच घ्यावे लागले, तर हप्ते हंगामानुसार बांधून देण्याची लेखी मागणी करावी. शेतकऱ्याला पीक हाती आल्यावर परतफेड करण्याची मुभा बँका पूर्वापार देत आल्या आहेत. बेटावरच्या दुकानदाराचा हंगाम शेतकऱ्याच्या हंगामाइतकाच ठरलेला आहे, हे शाखाधिकाऱ्याला पटवून देणे अशक्य नाही. त्यासाठी एकच साधन लागते, ते म्हणजे रोजच्या विक्रीची वही. तिच्यात लाँच बंद राहिलेल्या दिवसांचीही नोंद ठेवावी. मोबाईलवरून आलेल्या पैशांचा बँकेतील उतारा जोडला, तर वहीला पुरावा मिळतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी उद्यम असिस्ट नावाची स्वतंत्र नोंदणी आहे, तीही करून ठेवावी.

फेरीवाल्यांच्या कर्जाबद्दल आपण विचारले आहे. ती पीएम स्वनिधी योजना जून २०२० मध्ये आली आणि ती प्रामुख्याने शहरी भागातील पथविक्रेत्यांसाठी आखलेली आहे. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदाही नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतील विक्रेत्यांसाठीच आहे. घारापुरी ही रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील ग्रामपंचायत. आपले गिऱ्हाईक मुंबईहून येते, आपली स्पर्धा मुंबईच्या बाजाराशी आहे, पण कायद्याच्या दृष्टीने आपण खेड्यातले दुकानदार आहात. हा अन्याय कोणी मुद्दाम केलेला नाही. तरीही तो अन्यायच आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या ठरावाद्वारे जिल्हा प्रशासनापुढे मांडला गेला पाहिजे. तोवर ग्रामीण भागातील बचत गटांना ‘उमेद’ अभियानातून मिळणारे बँक कर्ज हा आपल्या हक्काचा मार्ग आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांतील भगिनींनी तो वापरावा.

एक गोष्ट मात्र कर्जाने सुटत नाही. १७ मार्च २०२० पासून देशभरातील संरक्षित स्मारके बंद झाली, आणि पुढच्या वर्षी १६ एप्रिल ते १५ जून या ऐन हंगामाच्या अखेरीस पुन्हा बंद राहिली. अशा वेळी नेहमीचा दुकान विमा उपयोगी पडत नाही, कारण आग, पूर, वादळ यांनी मालाचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय तो सहसा भरपाई देत नाही. लाँच न सुटल्याने बुडालेली विक्री त्यात येत नाही. मालाचा विमा घ्यावाच, परंतु बंद दिवसांसाठी स्वतःची गंगाजळी हाच आधार आहे. चार-पाच दुकानदारांनी मिळून हंगामात आठवड्याला ठरावीक रक्कम सामायिक खात्यात टाकली, तर ती मोडण्याचा मोहही कमी होतो.

प्रश्न : आम्ही कुटुंबासह लेणी पाहायला गेलो होतो. पायऱ्यांवरील एका दुकानात पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले. विचारले असता, ‘होडीचा खर्च कोण देणार?’ असे उत्तर मिळाले. हे कायदेशीर आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दुकानात बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकणे कायदेशीर नाही. वैधमापन कायदा २००९ आणि त्याखालील आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार छापील कमाल किंमत ही सर्व करांसह अखेरची किंमत असते, आणि ती बेटावरही बदलत नाही. उपाहारगृहात टेबलाशी बसून मागवलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी आहे. हॉटेल आणि उपाहारगृह केवळ वस्तू विकत नाही, तर सेवाही देते, त्यामुळे तेथे छापील किमतीची मर्यादा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. पायऱ्यांवरच्या दुकानाला त्याचा आधार घेता येणार नाही. आपण ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करू शकता.

इतके सांगितल्यावर दुकानदाराची बाजूही मांडणे मला आवश्यक वाटते. छापील किमतीत किरकोळ विक्रेत्याचा नफा धरलेला असतो, परंतु तो धरताना माल दुकानाच्या दारापर्यंत टेम्पोने येतो असे गृहीत असते. येथे तीच पेटी घाऊक बाजारातून धक्क्यापर्यंत, धक्क्यावरून होडीत, होडीतून बेटावर आणि तेथून डोक्यावर पायऱ्या चढून जाते. दर टप्प्यावर हमाली आहे. रिकाम्या बाटल्या बेटावर साठू नयेत म्हणून त्या परत नेण्याचाही खर्च आहे. शिवाय एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापण्यास २०१८ पासून मनाई असल्याने कंपनीला बेटासाठी वेगळी किंमत ठेवता येत नाही. ग्राहकाच्या हितासाठी केलेला हा नियम योग्यच आहे, पण त्याचा भार येथे सर्वांत छोट्या विक्रेत्यावर पडतो.

यातून प्रामाणिक वाट निघू शकते. ज्या मालावर किंमत छापलेली नसते, त्यात दुकानदाराला आपला खर्च उघडपणे धरता येतो. लिंबू सरबत, कोकम सरबत, ताक, मीठ-मसाला लावलेली काकडी आणि कैरी, भाजलेले कणीस यांचा दर फलकावर लिहून विकला, तर कोणाची तक्रार राहणार नाही. पिण्याच्या शुद्ध पाण्याचे यंत्र ग्रामपंचायतीने पायऱ्यांच्या पायथ्याशी बसवले आणि स्वतःची बाटली भरून घेण्याचे माफक शुल्क ठेवले, तर गावाला उत्पन्न मिळेल आणि प्लास्टिकही घटेल. बाटलीमागे मिळणाऱ्या काही रुपयांसाठी ग्राहकाच्या मनात फसवणुकीची भावना निर्माण होऊ देणे दुकानदारांना परवडणारे नाही, कारण ती भावना घेऊन तो शेजारच्या दुकानातही काही घेत नाही.

प्रश्न : डिसेंबर २०२४ च्या अपघातानंतर लाँचवरील तपासणी वाढली, प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे सक्तीची झाली, आणि काही काळ प्रवासीही कमी झाले. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा बेटावरच्या धंद्याने का भोगावी?
— एक वाचक, मोरा, उरण

उत्तर : आपल्या प्रश्नामागील वेदना समजते, पण त्याच्या शेवटच्या भागाशी मी सहमत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ माणसे मृत्युमुखी पडली. लाँचवर शंभराहून अधिक माणसे होती. त्यानंतर जाकिटांची आणि प्रवासीसंख्येची जी सक्ती झाली, तिला शिक्षा म्हणणे योग्य होणार नाही. ती आधीपासूनच पाळली जायला हवी होती.

व्यापाराच्या दृष्टीनेही याकडे पाहावे. रस्त्यालगतच्या बाजारात एका वाहनाला अपघात झाला, तर ग्राहक दुसऱ्या वाहनाने येतो. बेटाला तसा पर्याय नाही. लाँचवरील विश्वास उडाला की डोलीवाले, मार्गदर्शक, उपाहारगृहे आणि पायऱ्यांवरील सगळी दुकाने एकाच दिवशी ओस पडतात, आणि त्यांच्यापैकी कोणाचाही लाँचच्या कारभारात शब्द चालत नाही. खरी त्रुटी मला येथे दिसते. लाँचमालकांची सहकारी संस्था आहे, परवाने देणारे महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, लेण्यांची व्यवस्था भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण पाहते, आणि पर्यटन विकास महामंडळाचेही काम बेटावर आहे. या सर्वांच्या निर्णयांवर ज्यांची चूल अवलंबून आहे त्या दुकानदारांना एकत्र बसवणारी, ठरलेल्या तारखांना भरणारी बैठक असली पाहिजे. तिच्यापुढे ठेवण्याजोगे विषय साधे आहेत. लाँच बंद ठेवण्याचा निर्णय पहाटे किती वाजता जाहीर होईल आणि तो बेटावर कसा कळेल? परतीच्या शेवटच्या फेऱ्या एकदम न सोडता अंतराने सोडता येतील का? शनिवार-रविवारी अखेरची लाँच थोडी उशिरा सुटू शकेल का? अर्ध्या तासाचा फरकही पायऱ्यांवरच्या विक्रीत उमटेल, कारण तो अर्धा तास नेमका उतरणाऱ्या ग्राहकाचा आहे. सुरक्षिततेच्या नियमांना विरोध करण्यात शक्ती घालवण्याऐवजी बेटवासीयांनी ती या मागण्यांमागे लावावी, असे मी कळकळीने सुचवतो.

प्रश्न : मी स्कॉटलंडमध्ये राहतो. येथील बेटांना जाणाऱ्या बोटींचे भाडे तेवढ्याच अंतराच्या रस्त्यावरील प्रवासखर्चाइतके ठेवण्याचे धोरण आहे. घारापुरीसाठी असे काही करता येणार नाही का?
— एक वाचक, ग्लासगो

उत्तर : आपण सांगता ते धोरण तेथे २००८ मध्ये पश्चिमेकडील बेटांसाठी प्रयोग म्हणून सुरू झाले आणि पुढे त्या किनाऱ्यावरील इतर मार्गांवरही नेण्यात आले. त्यातून आपल्याला घेण्यासारखे दोन धडे आहेत. भाडे उतरल्यावर प्रवासी वाढले, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. २०१२ मध्ये मोठ्या मालवाहू वाहनांना या सवलतीतून वगळण्यात आले आणि बेटांवरील व्यावसायिकांत त्याबद्दल मोठी नाराजी पसरली. प्रवासी स्वस्तात येतो, पण त्याला विकायचा माल महाग येतो, ही स्थिती व्यापाऱ्याला फारशी तारत नाही.

आपल्याकडे जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. मांडवी नदीतील दिवाडी आणि चोडण या बेटांना गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी जातात, पायी प्रवाशांना त्या विनामूल्य आहेत, आणि त्यांवर वाहने चढतात. त्यामुळे दिवाडीच्या दुकानदाराचा माल दाराशी वाहनाने येतो. घारापुरीला वाहन नाही आणि मालासाठी नियमित सरकारी बोटही नाही. माल प्रवासी लाँचवर जागा मिळेल तसा किंवा लहान होडीने येतो, आणि प्रत्येक दुकानदार स्वतंत्रपणे, थोडा-थोडा आणतो.

शासकीय अनुदानाची मागणी जरूर करावी, परंतु तिची वाट पाहत बसण्याची गरज नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतील १० व्यक्ती एकत्र आल्या, तर संस्था नोंदवता येते. बेटावरील दुकानदारांनी आणि उपाहारगृहचालकांनी खरेदी-वाहतुकीची अशी संस्था काढावी. तांदूळ, तेल, शीतपेये, बर्फ यांची मागणी आठवड्यातून दोनदा एकत्र नोंदवावी, आणि एक मालवाहू होडी ठरावीक वारी, भरतीची वेळ पाहून, न्हावा किंवा मोऱ्याहून आणावी. त्या होडीने परत जाताना बेटावरचा सुका कचरा न्यावा. घाऊक दराचा फायदा, होडीच्या भाड्याची वाटणी आणि कचऱ्याची सोय या तिन्ही गोष्टी त्यातून साधतात. सोमवारी लेणी बंद असल्याने त्या दिवशी धक्का मोकळा असतो. मालाचा एक दिवस तोच ठरवावा. अशा संस्थांत पहिला वाद उधारीवरून होतो, हे मी अनेक गावांत पाहिले आहे, म्हणून पहिल्या वर्षी रोखीनेच माल द्यावा.

प्रश्न : आमच्या बेटावर वीज आली तेव्हा आम्ही शाळेत होतो. आता मी पदवीधर आहे आणि घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधून पर्यटकांसाठी निवास सुरू करावा, असे मनात आहे. घरच्यांचा विरोध आहे. आपले मत काय?
— एक तरुण, राजबंदर, घारापुरी

उत्तर : आपली जिद्द मला आवडली, पण सध्या खोल्या बांधू नका. पर्यटकांना बेटावर रात्री राहण्याची परवानगी नाही. ती उद्या मिळाली तरी बांधकामाचा प्रश्न उरतो. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय करता येत नाही. अंतर लेण्याच्या तोंडापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजतात. त्याशिवाय किनारपट्टी नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत. आपली जागा नेमकी कुठे येते हे लेखी विचारून घेतल्याशिवाय एक वीटही आणू नये. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या लेण्यांमुळेच बेटावर माणसे येतात, हे घरच्यांना वेगळे सांगायला नको. त्यांचा विरोध या अनुभवातूनच आला असावा.

परंतु विजेचा उल्लेख आपण केला आहे, त्यावर थोडे अधिक लिहितो. २२ फेब्रुवारी २०१८ पूर्वी बेटावर जनित्राच्या आधारे संध्याकाळचे जेमतेम साडेतीन तास दिवे लागत. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची वाहिनी टाकून, सुमारे २५ कोटी रुपये खर्चून, महावितरणने तिन्ही गावांत कायमची वीज आणली. या विजेने शीतकपाट चालते, पाणी चढते, मोबाईल चालू राहतो. तिचा व्यापारी उपयोग मात्र अजून प्रामुख्याने थंड पेयांपुरता झाला आहे, असे मला वाटते. मुक्कामाला परवानगी नसली तरी दिवसाच्या पाहुणचाराला आडकाठी नाही. सकाळच्या पहिल्या लाँचने आलेल्या आठ-दहा माणसांना आधी नोंदणी घेऊन उतरवून घ्यावे, लेणी दाखवावीत, मग राजबंदर-मोराबंदरकडची पायवाट, पूर्वेकडच्या टेकडीवरचा स्तूप, दुसऱ्या टेकडीवरच्या तोफा, खाजणातले पक्षी असे सारे दाखवावे, आणि दुपारी आपल्या घरी तांदळाची भाकरी, माशांचे कालवण किंवा वालाची आमटी असे जेवण द्यावे. लेणी पाहून तासा-दीड तासात परत फिरणारा पर्यटक अशाने पाच-सहा तास बेटावर राहतो आणि त्याचा पैसा पायऱ्यांपलीकडच्या गावांत पोहोचतो. यासाठी बांधकाम लागत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी, स्वच्छ स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह लागते. लेण्यांची माहिती मात्र नीट शिकून घ्यावी. सुमारे सहा मीटर उंचीच्या त्या सदाशिवाच्या मूर्तीला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. तिन्ही मुखे शिवाचीच आहेत हे समजावून सांगणारा, आणि गंगाधर, अर्धनारीश्वर, अंधकासुरवध या शिल्पपटांपुढे माणसाला थांबवणारा स्थानिक तरुण कोणालाही हवा असेल.

अटल सेतूमुळे किंवा रोपवेमुळे बेटाचे भाग्य उजळेल का, असे आपण तळटीपेत विचारले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला सेतू बेटाला जोडलेला नाही. मात्र त्यामुळे मुंबईहून न्हावा-शेवाची बाजू जवळ आली आहे, आणि तेथून चांगली लाँचसेवा वाढली तर त्याचा लाभ होईल. शिवडीहून सुमारे आठ किलोमीटरच्या रोपवेचा प्रस्ताव मुंबई बंदराने मांडला होता. तो झाला तर माणसे वाढतील, पण ती जितक्या वेगाने येतील तितक्याच वेगाने जातीलही. आणि त्याचे स्थानक पायऱ्या टाळून वर उतरवणारे असेल, तर पायऱ्यांवरच्या बाजाराचे काय, याचे उत्तर आराखड्यावर सही होण्याआधी मागितले पाहिजे.

प्रश्न : घारापुरीच्या दुकानांत मिळणाऱ्या दगडी पेट्या, हत्ती, माळा अशा वस्तू मी आग्रा आणि जयपूरलाही पाहिल्या आहेत. बेटाचे म्हणावे असे काहीच तेथे का मिळत नाही?
— एक वाचिका, पेण

उत्तर : कारण बेटावर कारागिरीसाठी जागा, कच्चा माल आणि खेळते पैसे हे तिन्ही कमी आहेत, आणि बाहेरचा घाऊक व्यापारी तयार माल उधारीवर देतो. दुकानदार त्या उधारीत अडकतो. सगळ्यांकडे एकच माल असल्याने ग्राहक घासाघीस करतो आणि नफा आणखी उतरतो. हे चक्र मोडायला फार मोठे भांडवल लागत नाही, पण एक वेगळी दृष्टी लागते. गेटवेहून आलेला पर्यटक रायगड जिल्ह्यात पाऊल ठेवत असतो, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नसते. आपल्या पेणच्या बोटभर उंचीच्या शाडूच्या गणेशमूर्ती, अलिबागच्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा, पोह्याचे पापड आणि कुरडया, कोकमाची सोले आणि आगळ या वस्तू बेटावर मिळू लागल्या, तर त्या आग्ऱ्याला मिळणार नाहीत. जोडीला लेण्यांतील शिल्पांची रेखाचित्रे छापलेल्या कापडी पिशव्या आणि तिन्ही गावांची माहिती देणारी मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तिका बेटावरच्या बचत गटांनी काढावी.

जोखीम कमी ठेवायची असेल, तर आपल्यासारख्या पेणच्या मंडळींनी पुढाकार घ्यावा. आपण मूर्तिकारांशी संबंधित आहात, असे पत्रात लिहिले आहे. न विकलेला माल हंगामाच्या अखेरीस परत घेण्याच्या अटीवर पाच दुकानांत दोन-दोन डझन मूर्ती ठेवून पाहाव्यात. शाडूची मूर्ती ओलाव्याने खराब होते, त्यामुळे ती मेअखेर बेटावरून परत आणावी, आणि होडीतल्या प्रवासासाठी भुश्याच्या पेटीत बांधावी. बेटावरील ज्या भगिनींचे पत्र सर्वांत आधी घेतले आहे, त्यांनी अशा मालासाठी दुकानात जागा देण्याची तयारी कळवली आहे. दोघींची संमती असल्यास आपला परस्पर संपर्क संपादकीय कार्यालयामार्फत करून देण्यात येईल.